लिमिटच्या थोडं वर

मुलाचा संध्याकाळचा फोन आता बायकोच्या मोबाइलवर येतो. पूर्वी माझ्या मोबाइलवर यायचा. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बोलते आणि मी पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बसतो. टीव्हीचा आवाज एकदम बंद केला तर मी कान देऊन बसलोय हे तिला कळेल, म्हणून थोडासाच कमी करतो. तिचं बोलणं ऐकू येतं, त्याचं येत नाही. ‘हो’, ‘मग?’, ‘अन् रात्रीचं काय खाल्लं?’ एवढ्यावरून पलीकडचं वाक्य जुळवायचं. फोन झाला की ती पदराला हात पुसत बाहेर येते आणि म्हणते, “तुमाले विचारून राहिला होता.”

त्यानं खरंच विचारलं की ती आपल्या मनानं सांगते, हे मी अजून तिला विचारलेलं नाही.

आमचा हा एकच मुलगा. वायुदलात पायलट व्हायचं शिक्षण घेतोय. आधी पंख्याच्या लहान विमानावर शिकला, मग त्याला जेट ट्रेनरवर घेतलं. पुढे लढाऊ विमानात बसण्याआधी ज्या दोन खुर्च्यांच्या जेटवर हात बसवतात, ते हे विमान. त्याची निवड झाली तेव्हा स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टर सहामधल्या आमच्या रांगेतल्या प्रत्येक क्वार्टरमध्ये मी स्वतः पेढे वाटले होते. माझे वडील वर्ध्याकडून इथं प्लांटमध्ये क्लार्क म्हणून आले, मी ऑफिसर झालो आणि माझा मुलगा आकाशात गेला, असं मी लोकांना सांगत होतो. हे वाक्य मी फार वेळा म्हटलं असणार, कारण पद्मनाभपूरला माझ्या मोठ्या भावाकडे गेलो की वहिनी माझ्याआधीच ते पूर्ण करायची.

घरात आपोआप एक वाटणी झाली होती. जेवण, झोप, सर्दी हे तो आईला सांगायचा. उड्डाणाचं सगळं मला. आज एकट्यानं नेलं, आज ढग होते म्हणून कोणालाच सोडलं नाही, आज लँडिंगला चाक जरा जोरात आपटलं. मला त्यातलं निम्मंच कळायचं. पण ती माझी वेळ होती. ऑफिसातून आलो की हातपाय धुऊन मी फोन जवळ घेऊन बसायचो.

गेल्या दिवाळीत तो थोड्या दिवसांच्या सुटीवर आला होता. परत गेल्यावर त्याची विमानाच्या मर्यादांवर परीक्षा होती. प्रत्येक विमानाला असे आकडे असतात आणि पायलटला ते झोपेतून उठवून विचारले तरी सांगता यायला हवेत. चाकं खाली असताना जास्तीत जास्त वेग किती, उलटं उडायचं तर किती सेकंद, इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूचं तापमान किती, आडवा वारा किती असला तर उतरायचं नाही. मी अंगणात स्कूटर धूत होतो आणि तो पाण्याचा पाइप धरून एकेक आकडा म्हणत होता. मला म्हणाला, “बाबा, तुमी फक्त विचारा. चुकलो का नाही ते मले समजते.” मग मी विचारत राहिलो. आकडे इथं लिहीत नाही, ते सांगण्याचा माझा हक्क नाही. पण मला ते सगळे पाठ झाले होते आणि अजून आहेत.

त्यातला एक आकडा जी-चा. विमान जोरात वर खेचलं किंवा वळवलं की त्यातल्या माणसाचं वजन काही पटींनी वाढतं, विमानाच्या पंखांवरचा भारही तसाच वाढतो. किती पटीपर्यंत वाढू द्यायचा याची मर्यादा ठरलेली आहे. हा आकडा त्यानं बरोबर सांगितला आणि मग पाइप तसाच धरून उभा राहिला. पाणी स्कूटरवरून त्याच्या पायावर पडत होतं.

मी विचारलं काय झालं. तो म्हणाला की विमान शिकवणारे सर त्याच्यावर नाराज आहेत. त्याला सगळं येतं, पण तो विमानाला हात लावायला घाबरतो. विमानाची कोलांटी मारताना स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, हवा तितका खेचत नाही, म्हणून त्याची कोलांटी गोल न होता लांबट होते. मर्यादा खूप दूर असतानाच तो हात सैल सोडतो. हे असंच राहिलं तर लढाऊ विमानाचं विसरायचं.

मी प्लांटमध्ये उत्पादनाच्या नियोजनात आहे. माझं सगळं आयुष्य एका आकड्याभोवती गेलं, तो म्हणजे रेटेड कॅपॅसिटी. मशीन बनवणाऱ्यानं कागदावर लिहून दिलेली क्षमता. ती ओलांडणं म्हणजे आमच्याकडे सण. पोलाद लाटणाऱ्या एखाद्या मिलनं रेटेड कॅपॅसिटीच्या वर उत्पादन काढलं की गेटजवळ बोर्ड लागतो, लाडू वाटतात, फोटो निघतात. त्या फोटोत मीही अनेकदा उभा राहिलो आहे. त्या अंगणात माझ्या तोंडून जे निघालं ते तिथलं होतं.

मी म्हणालो, “अरे, लिमिट लिहिणारा माणूस मार्जिन ठेवूनच लिहिते. थोडं वर गेलं तर काही तुटत नाही. आमी रोजच जाऊन राहिलो.”

तो हसला. “तुमचं मिल जमिनीवर असते, बाबा.”

“जमीन असो का आकाश, मार्जिन सगळीकडेच असते,” मी म्हणालो.

त्यानं पाइप बंद केला आणि विषय तिथंच राहिला. मला उलट समाधान वाटलं. मुलगा घाबरत होता आणि बापानं त्याला धीर दिला, असं.

उत्पादनाचा आकडा हा गाठायचा किंवा मागं टाकायचा असतो. पंखाचा आकडा वेगळ्या जातीचा. एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. आमच्याच वर्कशॉपमध्ये क्रेनच्या हुकावर लिहिलेल्या भारापुढे कोणी एक किलो जात नाही, गेला असता तर मीच आरडाओरडा केला असता. पण त्या दिवशी मला क्रेन आठवली नाही. लाडू आठवले.

पुढचं मला बायकोकडून कळलं, आणि तेही एकदम नाही. एक दिवस त्याचा फोन आलाच नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या मोबाइलवर आला. ती बोलत बोलत मागच्या अंगणात गेली. परत आली तेव्हा तिनं कढईखालचा गॅस बंद केला आणि माझ्यासमोर बसली.

तो एकट्यानं विमान घेऊन गेला होता. कोलांटीतून खाली येताना वेग वाढला आणि त्यानं खेचलं. जी-ची मर्यादा ओलांडली गेली. विमानाला काही झालं नाही, त्यालाही काही झालं नाही. विमानात जी मोजणारं एक घड्याळ असतं, त्यातला एक काटा जास्तीत जास्त जिथं जाईल तिथं अडकून राहतो. बटण दाबलं की तो परत खाली येतो. यानं बटण दाबलं नाही. उतरल्यावर स्वतः जाऊन सांगितलं. विमान तपासणीला गेलं, पंखांपर्यंत सगळं उघडून बघणार होते. मुलाचं उड्डाण थांबवलं होतं. त्याला ठेवायचं की नाही यावर बैठक होणार होती.

“का खेचलं म्हणते तो?” मी विचारलं.

बायको म्हणाली, “सरानं तेच विचारलं. तर हा म्हणाला, मले वाटलं मार्जिन असते. सर म्हणाले, कोनं सांगतलं तुले? तर म्हणाला, कोनं नाही, मीच.”

दिवाळीत ती आतून आमचं बोलणं ऐकत होती. तिला सगळं माहीत होतं. मी मान खाली घालून बसलो तेव्हा तिनं आवाज न चढवता एवढंच म्हटलं, “तुमाले बोलाचंच होतं, तर मिठाबद्दल बोलाचं असतं. वरणात दोन दिवस मीठ जास्त होतं, तेव्हा चूप बसून जेवले.”

मला वाटतं, त्यानं माझं नाव न घेण्यानं मला जेवढं लागलं तेवढं नाव घेतलं असतं तर लागलं नसतं. आणि त्या बटणाचा विचार डोक्यातून जात नव्हता. कबूल करतो, मी त्या खुर्चीत असतो तर दाबलं असतं. मग ते विमान तसंच दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाला दिलं गेलं असतं. हे मी बायकोला सांगितलं नाही. तिनं कदाचित ओळखलं असेल.

मी ठरवलं की त्याच्या सरांना फोन करायचा आणि सांगायचं की हे माझं बोलणं होतं. बायको म्हणाली, बापाचा फोन गेला तर ते त्याला कुक्कुलं बाळ समजतील. मग मी म्हणालो, सुटी टाकून तिकडेच जातो. ती म्हणाली, “त्यानं सांगतलं आहे, कोनी येऊ नका. कोनी म्हंजे कोन, ते तुमीच समजा.” मी सुटीचा अर्ज मागे घेतला.

बैठक होईपर्यंतचे ते आठवडे मी नीट सांगू शकणार नाही, कारण त्यात काही घडलंच नाही. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बिलासपूरकडचे एक सहकारी बसतात. चहा आला की रोजच्यासारखं विचारायचे, “और, पायलट साहब के क्या हाल हैं?” मी म्हणायचो, “मस्त.” एकदा ते म्हणाले, “आप तो आजकल चुप रहते हो. बेटा ऊपर उड़ता है और चक्कर आपको आता है?” सगळे हसले, मीही हसलो. त्यांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी माझ्यासाठी चहा परत मागवला असता, एवढे ते चांगले आहेत. मी सांगितलं नाही. पद्मनाभपूरला भावाकडे जाणंही बंद केलं, तिथं वहिनीला माझं वाक्य पाठ होतं.

संध्याकाळी स्कूटर घेऊन निघायचो, मार्केटमध्ये उगाच कोथिंबीर घ्यायची, घरी आधीच कोथिंबीर असायची. याच सुमारास आमच्या एका मिलनं पुन्हा क्षमता ओलांडली. बोर्ड लागला. मला लाडवाचा डबा मिळाला, तो मी कँटीनमध्येच एकाला देऊन आलो. फोटोसाठी हाक मारली तेव्हा सांगितलं की मीटिंग आहे. मीटिंग नव्हती. खोलीत जाऊन मी त्या आठवड्याचे उत्पादनाचे आकडे काढत बसलो, कारण मला दुसरं काही येत नाही.

बैठकीच्या दिवशी बायको सकाळपासून मोबाइल हातात घेऊन फिरत होती. मी ऑफिसला गेलो नाही. दुपारी जेवण झालं, भांडी झाली, तरी फोन नाही. ती सुपात तांदूळ निवडत होती आणि निवडलेलेच परत निवडत होती.

फोन आला तेव्हा उन्हं कलली होती. तिनं ऐकलं, खाली बसली आणि ‘बरं झालं, बरं झालं’ एवढंच म्हणत राहिली. त्याला ठेवलं होतं. विमान तपासणीतून सुखरूप निघालं होतं. स्वतः येऊन सांगितलं, ही गोष्ट त्याच्या बाजूनं धरली गेली. आता काही दिवस सरांना बरोबर घेऊन तीच कोलांटी पुन्हा पुन्हा मारायची, आणि मग बघू.

मग तिनं त्याला न विचारता मोबाइल माझ्या हातात दिला.

मी काय बोलायचं हे कितीदा तरी जुळवलं होतं. त्यातलं काहीच आलं नाही. मी म्हणालो, “माझं नाव कावून नाही सांगतलं रे तू?”

तो म्हणाला, “तुमचं नाव सांगून काय होते, बाबा? स्टिक माझ्या हातात होती.”

“पण बोललो तर मी होतो ना.”

“बोलले तुमी. खेचलं मी. सर म्हणतात, हवेत पाहिजे तितक्या लोकांचं ऐकू येते. आई, बाबा, दोस्त, सगळे. हात एकाचाच असते.” त्याचा आवाज रागाचा नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. “अन् तुमी गिल्टी वगैरे फील नका करू. सच में. त्यानं मले अजून जड होते.”

मी हो म्हणालो. माफी मागायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. जी गोष्ट मी इतके दिवस उरावर घेऊन फिरत होतो, ती माझी नाहीच असं तो मला समजावत होता, आणि एखाद्या मोठ्या माणसासारखं नीट समजावत होता.

मग तो म्हणाला, “एक बोलू? आता फ्लाइंगचं काही दिवस तुमच्यासंग नाही बोलणार मी. तुमी काही म्हणाल म्हणून नाही. मी वर असलो का तुमचं म्हणणं आठवते, म्हणून. बाकी काहीबी विचारा.”

“बरं,” मी म्हणालो.

बाकी काय विचारायचं ते मला सुचेना. एवढ्या वर्षांत मी त्याला जेवलास का हे कधी विचारलं नव्हतं, ते खातं माझं नव्हतं. बायको समोर उभी होती, तिनं हातानं घास घेतल्याची खूण केली. मी विचारलं, “जेवला का?”

“दुपारी जेवलो. राजमा होता.”

“चांगला होता?”

“ठीक होता.”

यापुढे मला प्रश्न सापडला नाही. त्यालाही काही सांगायचं नव्हतं. पलीकडे कुणीतरी हिंदीत हसत बोलत गेलं, दार लागलं. मला वाटलं आता तो फोन ठेवेल. त्यानं ठेवला नाही. मीही ठेवला नाही. बायको तांदळाचं सूप उचलून आत गेली आणि आम्ही दोघं तसेच, काही न बोलता, फोन कानाला लावून उभे राहिलो.