डावीकडे फेकलेला पास

आज सकाळी अमरावतीत आमच्या मुलींच्या रग्बी संघाला आक्रमणाची नवी चाल शिकवत होतो. कॅप्टनने सवयीने, न पाहताच डावीकडे पास फेकला. तिथे कुणीच नव्हतं. चेंडू घरंगळत कुंपणापर्यंत गेला.

"सर, मले वाटलं पूजा हाय तिथं."

आमची जुनी चाल पूजाच्या वेगावरच उभी होती. अकोल्याच्या सामन्याआधी ती म्हणाली होती, "सर, गुडघा दुखून राहिला." मी म्हणालो, "एक हाफ काढ." त्याच हाफमध्ये गुडघा गेला. तिचा खेळ कायमचा सुटला.

आज सराव संपल्यावर मुलींना विचारलं, "कोणाले काही दुखून राहिलं का?"

सगळ्या नाही म्हणाल्या. त्यातल्या दोघी लंगडत घरी गेल्या.

त्यांनी मला खरं का सांगावं, तुम्हीच सांगा.