पायरीवर दोन तास

२००८ च्या सुमारास मी मालवणच्या एका सायबर कॅफेत बसून कायद्यावर ब्लॉग लिहायचो. वाचक अकरा, त्यांतले नऊ वकील. त्या सकाळी विषय होता फ्रेंच कायदा: माणसाचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निकाल देऊ नये.

दहाच्या सुमारास एक मासे विकणारी बाई दाराशी आली. हात लुगड्याला पुसून तिने प्लास्टिकच्या पिशवीतला कागद पुढे केला.

"वकीलानू, ह्या जरा वाचून दाखवशात?"

स्क्रीनवरची नजर न काढता, "कोर्टाचं लिहितोय," म्हणत मी तिला थांबायची खूण केली. ती पायरीवर बसली आणि अधूनमधून पाटीतल्या बांगड्यांवर पाणी शिंपडत राहिली.

लेख प्रसिद्ध करून मी कागद घेतला तेव्हा बारा वाजून गेले होते. बाजारातली तिची जागा का काढून घेऊ नये, हे तिने अकरा वाजता कोर्टात सांगायचं होतं.

आम्ही धावलो. पुकारा होऊन गेला होता आणि तिच्या गैरहजेरीत हुकूमही झाला होता.

"मला हाक का नाही मारलीत?" मी वर तिलाच विचारलं.

"तुमी कोर्टाचाच लिवत होतात मा? माका वाटला, मध्ये बोलूचा नसता."

तो लेख मी नंतर काढून टाकला. कुणी विचारलं, तर तांत्रिक अडचण सांगतो.