मुलीकडची मंडळी

परबकाका चष्मा काढून पुसायला लागले, की समोरच्या माणसाला घाम फुटायचा. चारकोपच्या आमच्या सोसायटीत कुणाच्याही मुलीचं लग्न ठरायचं असलं, की बोलणी करायला मुलीकडून काका जायचे. म्हणणं एकदा मांडून झालं, की चष्मा काढून शर्टाच्या टोकाने काचा पुसत बसायचे. बोलायचे नाहीत. समोरचे मामा, आत्या, मोठे दीर अस्वस्थ होऊन एकमेकांकडे बघायचे आणि शेवटी त्यांच्यातलंच कुणीतरी म्हणायचं, "बरं, हॉलचं अर्धं आम्ही देतो." काका निवृत्त झाले होते औषधांच्या एका कंपनीतून, पण काय करता असं विचारलं तर सांगायचे, "मी बैठकीक बसतंय." गेल्या वर्षी ते गेले. माझं लग्न काही त्यांनी जमवलं नाही. माझी पीएचडी मात्र त्यांनीच जमवली.

मला दरडींवर काम करायचं होतं. डोंगर का खचतो, केव्हा खचतो, हे शोधायचं होतं. अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांनी मला घेतलं. एक पाचही वर्षांचा सगळा खर्च द्यायला तयार होतं, पण ते इतक्या सपाट मुलखात होतं की दरड कोसळायला आधी डोंगर मागवावा लागला असता. दुसऱ्या ठिकाणी मला हवी तीच प्रयोगशाळा होती, हव्या त्याच प्राध्यापक बाई होत्या. पण पैसे पहिल्या वर्षापुरते. पुढचं पुढे बघू, असं गोड शब्दांत लिहिलेलं. पुढचं बघायचं म्हणजे पप्पांनी राहतं घर गहाण टाकायचं. ते मला मंजूर नव्हतं, आणि उत्तर द्यायला जेमतेम आठवडा उरला होता.

"सगळं देतायत तिकडे जा ना," पप्पा म्हणाले. "दुसऱ्यांकडे मागायला गेलो आणि ते चिडले तर? कॅन्सल केलं तर वाट लागेल." पप्पा साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. पगारवाढ मागणाऱ्याचं काय होतं, ते त्यांनी रोज पाहिलेलं. मीही सपाट मुलखाला हो म्हणायच्या बेतात होते. तेवढ्यात काका फणसाची भाजी घेऊन आले आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अगो, ह्या तर स्थळच झाला!" काकांचे डोळे चमकले. "स्थळ इला म्हणान लगेच हो म्हणूचा नसता. बोलणी खय झाली?"

"काका, तिथे ईमेल लिहितात."

"ईमेलात तोंड दिसता काय?"

मग त्यांनी मला बैठकीचे नियम सांगितले. दुसरं स्थळ खरं असेल तरच त्याचं नाव काढायचं. त्याची निंदा करायची नाही. आपल्याला हेच घर आवडलंय, हे लपवायचं नाही. "आणि सांगान झाला की गप रवायचा. मगे जो बोलतलो, तो देतलो."

प्राध्यापक बाईंनी व्हिडिओ कॉलची वेळ दिली. त्या संध्याकाळी काका इस्त्रीचा कोट घालून हजर. मुलीकडची माणसं विषम संख्येतच हवीत, म्हणून काकींनाही आणलेलं. मी, आई-पप्पा, काका-काकी, असे आम्ही पाच जण सोफ्यावर दाटीवाटीने बसलो. लॅपटॉपपुढे काकांनी पोह्यांची बशी ठेवायला लावली, कारण समोरच्या मंडळींपुढे काहीतरी असायला हवं. पप्पांनी कपाळावर हात मारून घेतला.

कॉल लागला. बाईंच्या शेजारी त्यांच्या विभागाचे हिशेब बघणारे गृहस्थ बसले होते. "त्यांचोय मामा दिसता," काका कुजबुजले. मग त्यांनी मला पहिला प्रश्न विचारायला लावला: आधीची चेडवा नांदली काय? मी इंग्रजीत विचारलं, तुमच्या आधीच्या विद्यार्थिनींचं पुढे काय झालं? बाई खूश झाल्या, एकेकीचं सांगत बसल्या. सगळ्या नांदल्या होत्या.

मग मी मुद्द्याचं बोलले. मला तुमच्याकडेच यायचंय. दुसरीकडून पाच वर्षांचं पत्र आलंय, ते तुम्हाला पाठवलंय. तेवढं जमलं तर मी आत्ता हो म्हणते.

आणि आम्ही गप्प झालो. कुणी हलायचं नाही, असा काकांचा हुकूम होता. ते स्वतः चष्मा पुसायला निघाले होते, पण हुकूम आठवला म्हणून चष्मा हातात धरून तसेच थांबले. पाचही जण फोटोला बसल्यासारखे. बाईंनी दोनदा हाक मारली. मी काकांकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. ते श्वासही घेत नव्हते.

"नेट गेलं वाटतं त्यांचं," बाई शेजारच्या गृहस्थांना म्हणाल्या. "हे बघा, ही मुलगी मला हवीय. माझ्या प्रकल्पातून उरलेल्या वर्षांचं होतंय, तुम्ही फक्त सही करा." गृहस्थ कुरकुरले. बाई इरेला पेटल्या. आम्ही सगळं ऐकत होतो आणि पापणीही हलवत नव्हतो. आईच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळत होता. शेवटी गृहस्थ म्हणाले, "ठीक आहे."

त्याच क्षणी आमच्या कुकरने शिट्टी दिली आणि पाचही जण दचकून उडाले.

बाई लाल झाल्या. मी पटकन सांगून टाकलं की आमचं नेट चालू होतं, आम्ही सगळं ऐकलंय. क्षणभर मला वाटलं, संपलं. पण त्या इतक्या हसल्या की चष्मा त्यांनाच पुसावा लागला. त्या रात्रीच पाच वर्षांचं पत्र आलं.

पप्पा खोलीत येरझाऱ्या घालत "झकास, झकास" म्हणत होते. आईने साखर आणली. काका मात्र कोट घालून तसेच बसलेले, डोळे भरलेले.

"इतकी वर्सा चेडवाच्या बाजून बसलंय गो," ते म्हणाले. "परत्येक येळाक कायतरी देऊनच उठलंव. आज पयल्यांदा घेऊन उठतंव."

मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी नाक पुसलं आणि लगेच आवाज चढवला.

"आता त्या दुसऱ्या स्थळाक नाय म्हणान कळव. आत्ताच. त्या जागेची दुसरा खयचा तरी चेडू वाट बघीत असतला. तेच्या बाजून बसाक कोण नसतलो."

मी लॅपटॉप पुन्हा उघडला. पत्र पुरं होईपर्यंत काका शेजारी बसून होते.