गंगा उजव्या कानात

"आधी एक कान झाक," काका म्हणायचे, आणि आपण झाकायच्या आत स्वतःच तर्जनीनं आपला डावा कान दाबून दाखवायचे. मग उजवा. मग दोन्ही सोडून मान डोलवायची. भाजीवाल्याशी बोलताना, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर कुणाच्या तेराव्याला मंत्र चालू असतानासुद्धा मी त्यांना हे करताना पाहिलंय. गुरुजींना वाटलं, यांना मंत्र नकोसे झाले. काका मात्र कुठल्या भिंतीवरून आवाज परत येतोय एवढंच बघत होते.

नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे मी साताऱ्याहून बनारसला आले आणि दुर्गाघाटाजवळच्या एका छोट्या स्टुडिओत कामाला लागले. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंच्या कानांवर घट्ट बसणारा हेडफोन लावायचा, आणि ते घाटावरून चालत असताना त्यांना त्या त्या जागेची गोष्ट ऐकवायची, असा आमचा उद्योग. गोष्ट मी लिहायची, वाचायचीही मीच. भोवतालचे आवाज रचायचं काम काकांचं; स्टुडिओत आम्ही सगळेच त्यांना काका म्हणायचो. ते साठीच्या पुढचे. त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या पौरोहित्य, पण काका लहानपणीच लाउडस्पीकरच्या नादी लागले आणि वडिलांनी हात टेकले. त्यांची मराठी घरातली, जुनी, आणि दर तिसऱ्या शब्दाला हिंदीच्या गल्लीत शिरणारी.

संगणकावरच्या फिल्टरला ते 'गाळणी' म्हणायचे. टेबलावर वर-खाली सरकणाऱ्या दोन बटणांचा एक डबा असे, डावं बटण डाव्या कानाचं, उजवं उजव्याचं. बटण खाली आणलं की आवाजातला तीक्ष्णपणा गाळला जाई आणि तो भिंतीआडून आल्यासारखा दबका होई; वर नेलं की मोकळा. पहिल्या दिवशी मी विचारलं, दोन्ही कानांना एकच गाळणी का नाही चालत? काकांनी माझ्याकडे, चहात मीठ घालायला निघालेल्या बाईकडे बघावं तसं बघितलं.

"बालाजी घाटाहून दुर्गाघाटाकडे चालत ये. डाव्या हाताला काय?"

"भिंत."

"उजव्या?"

"गंगा."

"मग? भिंत आणि गंगा एकाच गाळणीतून कशी काढतेस बेटा?"

आमच्या त्या वाटेच्या ध्वनिफितीत पंचगंगा घाटाच्या अलीकडे डाव्या कानात वेदपाठ करणारी मुलं यायची. आधी नुसती गुणगुण, भिंतीपलीकडची. मग काका डावं बटण हळूहळू वर न्यायचे आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, आपण पाठशाळेच्या उघड्या दारासमोरून चाललोय. दोन पावलं पुढे गेलं की पुन्हा भिंत. "दार उघडलं की आवाज मोठा नाही होत, साफ होतो," हा त्यांचा धडा. आवाज वाढवण्याच्या बटणाला हात लावला की ते माझ्या मनगटावर पेन्सिल मारायचे. खरं तर तिथं पाठशाळा नाही आणि दारही नाही. सोलापूरच्या एक आजी हेडफोन काढून त्या भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. "आत्ता इथं दार होतं की हो!" काका दोन दिवस हसत होते आणि भेटेल त्याला सांगत होते. लबाडीचा इतका निर्मळ आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग तक्रारी येऊ लागल्या. उजव्या कानात टोचतं म्हणे. होडीचं इंजिन करवतीसारखं लागतं, धोबीघाटाचे फटके थेट मेंदूत जातात. स्टुडिओच्या मालकांनी हेडफोन बदलले. काकांनी दुकानदाराला नावं ठेवली, तारांना नावं ठेवली, आजकालच्या लोकांच्या कानांना नावं ठेवली. तक्रारी थांबेनात. एका दुपारी त्यांच्या जुन्या आणि नव्या कामातल्या बटणांच्या खुणा शेजारी शेजारी ठेवून बघितल्या, तेव्हा मला उलगडलं. डावं बटण वर्षानुवर्षं होतं तिथंच होतं. उजवं मात्र दर कामागणिक थोडं थोडं वर चढलं होतं. गंगा त्यांना नेहमीइतकीच मोकळी ऐकू यावी म्हणून ते उजवी गाळणी उघडत चालले होते. आणि आणखी एक गोष्ट मला तेव्हाच जाणवली, तुमच्याही लक्षात आली असती. गेले काही महिने काका स्वतः कान झाकत नव्हते. आम्हाला सांगायचे, पण बोट कानाकडे नेत नव्हते.

आठवडाभर मी गप्प राहिले. ज्यांनी मला ऐकायला शिकवलं त्यांना, तुम्हाला ऐकू येत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? शेवटी मी भित्रेपणाचा मार्ग धरला. हेडफोन उलटा करून त्यांच्या हातात दिला. डाव्या कानात उजवी बाजू.

त्यांनी तो लावला. पाव मिनिटात त्यांचा चेहरा आंबट काहीतरी चावल्यासारखा झाला. त्यांनी हेडफोन काढला, उलटसुलट करून पाहिला, टेबलावर ठेवला. मग तर्जनीनं डावा कान दाबला आणि खिडकीबाहेर चाललेल्या गल्लीकडे बघत बसले. बराच वेळ बोट काढलं नाही.

"कधीपासून टोचतंय लोकांना?"

"तीन महिने झाले, काका."

"आणि तू आज सांगतेस." ते रागावले नव्हते. त्यानं मला जास्त रडू आलं.

विश्वविद्यालयाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी, उजव्या कानाला तीक्ष्ण, बारीक आवाज आता पुन्हा ऐकू यायचे नाहीत, असं सांगितलं. काका दुसऱ्या दिवशी वेळेवर आले. मला वाटलं, काम सोडतो म्हणून सांगायला आलेत. त्यांनी खुर्ची डावीकडे सरकवली, मला उजवीकडे बसवलं आणि एकच हेडफोन दोघांमध्ये धरला. डावी वाटी त्यांच्या कानाला, उजवी माझ्या.

"सगळी बिघडलेली कामं दुरुस्त करायची. गंगा तू सांभाळ, भिंत माझी."

महिनाभर आम्ही असे खांद्याला खांदा लावून बसलो. मालक म्हणायचे, शाळेतली पोरं डबा वाटून खाताहेत. मी उजवं बटण खाली आणायची. काका दर वेळी विचारायचे, "पाण्याचा थेंब सुटा ऐकू येतो ना? तो गेला तर गंगा गेली." मी हो म्हटलं की ते विश्वास ठेवायचे. असा विश्वास माझ्यावर त्याआधी कुणी टाकला नव्हता, हे मी इथं सांगून टाकते.

शेवटची फीत त्यांनी एकट्यानं केली. तिच्यात माझा आवाज नाही, गोष्ट नाही. बालाजी घाटाहून दुर्गाघाटाच्या पायऱ्यांपर्यंतची त्यांची घरी जायची वाट फक्त. आधी उजवीकडे लखलखीत गंगा. पंचगंगेपासून उजवी गाळणी इतकी सावकाश मिटत जाते की कळतही नाही. होडी कापसात गुंडाळल्यासारखी होते, मग नुसती घरघर, मग तीही नाही. डावीकडची भिंत, पावलं, कुणाच्या घरातला कुकर, सगळं शेवटपर्यंत स्वच्छ. मालकांनी फीत परत पाठवली, उजवी बाजू खराब आहे म्हणून. मीही बटणाला हात घातला. काकांनी माझं मनगट धरलं. पेन्सिल मारली नाही.

"राहू दे बेटा. खराब नाही ती. घरी जाताना मला अशीच ऐकू येते."

ती फीत आम्ही यात्रेकरूंना कधी दिली नाही. पावसाळ्यानंतर काका नाशिकला लेकीकडे राहायला गेले. जाताना डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि उजव्या बटणाशेजारी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका काढून गेले, गंगा कुठे थांबवायची त्याचा. तो ठिपका मी ठरवलेल्या जागी होता, त्यांच्या नाही.

परवा सकाळी मी त्यांची ती फीत लावून त्यांच्याच वाटेनं चालले. दुर्गाघाटाच्या पायऱ्यांपाशी उजवा कान पुरता रिकामा झाला, तेव्हा समोर होड्या चालल्या होत्या आणि मला त्या ऐकू येत नव्हत्या. मी हेडफोन काढला. इंजिनं, कपड्यांचे फटके, नावाड्यांच्या हाका, सगळं उजवीकडून एकदम अंगावर आलं. मी तिथूनच काकांना फोन लावला.

"ठहर, डाव्या कानाला धरतो," ते म्हणाले. "हां, बोल. कुठे आहेस?"

"तुमच्या पायऱ्यांपाशी."

"उजवीकडे आहे ना?"

"आहे, काका. थेंबन् थेंब."

"मग ठीक," ते म्हणाले. "सांभाळ."