एका भिडस्त पाठीची मंजुरी

बर्निस वाखोव्याकबाई वर्लिन स्टॉट्सला पहिल्यांदा भेटल्या, तेव्हा त्या दिसल्याच नाहीत. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात, त्याच्या वकिलाच्या कचेरीत कागदांचा एक डोंगर होता, डोंगरावर चष्मा होता, आणि तो डोंगर ओरडला, "दार लाव! तीन जणांचे मणके उडून जातील!"

वर्लिनने दार लावलं आणि सवयीने दाराचीच माफी मागितली.

गोदामात फोर्कलिफ्टवरून पडून त्याची पाठ कामातून गेली होती. विमा कंपनी एकरकमी तडजोडीला तयार होती. फक्त पुढच्या उपचारांचे पैसे त्यातून वेगळे काढायचे आणि ते जन्मभर पुरतील असा मेडिकेअरचा, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचा, होकार आणायचा, म्हणजे उद्या ही पाठ सरकारच्या गळ्यात पडायला नको. असे होकार आणणं हे बर्निसबाईंचं एकवीस वर्षांचं व्रत. वर्लिनला उरलेल्या पैशांतून विनेबेगो तलावाकाठचं गळ आणि गांडुळांचं दुकान घ्यायचं होतं. मालक ऑक्टोबरअखेरपर्यंतच थांबणार होता.

जुलैत उत्तर आलं. वेगळ्या काढायच्या रकमेचा आकडा दुप्पट! विमा कंपनीने हात वर केले. बाईंनी वर्लिनला बोलावून डॉक्टरांचा कागद त्याच्या नाकापुढे धरला.

"हे काय? 'रुग्ण शस्त्रक्रियेचा विचार करतो म्हणाला'?"

"करणार नाहीये हो मी. पण डॉक्टरांनी नुकतेच नातीचे फोटो दाखवले होते. लगेच नाही कसं म्हणायचं?"

"अरे देवमाणसा! तू नुसता विचार केलास, तिकडे सरकारने तुला ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं! त्यांना भीड कळत नाही, लिहिलेलं कळतं."

बाई स्वतः गाडी चालवत त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या. वाटेत त्याच्याकडून सतरा वेळा 'नाही' म्हणवून घेतलं. सोळा वेळा त्यामागून 'सॉरी' आलंच. आत मात्र तो एकटा गेला आणि दहा मिनिटांत लढाई मारल्यासारखा बाहेर आला.

"स्पष्ट नाही म्हणालो! त्यांनी लिहूनसुद्धा घेतलं."

"शाबास रे वाघा!"

"पण बिचारे खट्टू झाले. मग त्यांनी एक नवीन गोळी सुचवली, तिला हो म्हणालो."

बाईंनी गाडीच्या टपावर कपाळ टेकलं. सरकारी हिशेबाने ती महागडी गोळी वर्लिन आयुष्याची उरलेली सव्वीस वर्षं रोज दोनदा घेणार होता. प्रत्यक्षात त्याने ती दोन दिवस घेतली, मळमळायला लागल्यावर बाटली कपाटात ठेवली, आणि डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून कुणालाच काही सांगितलं नाही. बाईंना हे कळेपर्यंत सप्टेंबर उजाडला.

त्यांनी गोळी बंद केल्याचं पत्र मिळवलं, सगळी फाईल पुन्हा पाठवली, आणि मेडिकेअरच्या कारकुनाला रोज फोन सुरू केले.

"बाई, फार नका हो टोचू त्याला," वर्लिन कळवळून म्हणाला.

"तू गप्प बस. तुझ्या दयेचे आत्तापर्यंत नव्वद हजार डॉलर झालेत."

मंजुरी नाताळच्या आठवड्यात आली. दुकान तीन नोव्हेंबरला विकलं गेलं होतं.