ताईनं घर वाटून टाकलं तेव्हा

"आई गेली मावशी… सकाळी चहा घेता घेताच. त्रास काही झाला नाही. विमलमावशी जवळ होत्या." फोन नितीनचा होता, माझ्या भाच्याचा, पुण्याहून. तो आणखीही काही सांगत होता, गाडी काढतोय, दुपारपर्यंत पोचतो, कारंजालाच सगळं करू… मी हो हो म्हणत होते. अशा वेळी आधी रडू यावं. मला आलं, पण जरा मागून आलं. आधी टोचला तो 'जवळ' हा शब्द. लीलाताई माझी सख्खी मोठी बहीण. अनसिंगच्या घरात एका पांघरुणात झोपून आम्ही वाढलो. आणि तिच्या शेवटच्या चहाच्या वेळी जवळ कोण, तर आसेगावच्या विमलबाई, ज्यांचं नावही तिला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं.

ताईला जाऊन आता काही आठवडे झाले. लोक भेटायला येतात, बसतात, पाणी पितात आणि म्हणतात, "मोठ्या मनाची होती हो बाई." होतीच. पण मोठ्या मनाच्या बाईची धाकटी बहीण होऊन जन्म काढणं कसं असतं, ते कोणी विचारत नाही. मी वाशिमला शाळेत शिकवलं, पोरांची लग्नं केली, नवऱ्याचं आजारपण काढलं, सगळं नीट केलं. तरी कुठल्याही लग्नात मांडवात शिरले की पहिला प्रश्न ठरलेला, "लीलाबाई नाही आल्या काय?"

तिचं लग्न कारंजाला झालं. भाऊजींची धान्याची अडत होती, त्यामुळे हंगामात बाजाराच्या दिवशी तिच्याकडे माणसांची रीघ असायची. माल विकायला आलेला खेड्यावरचा कोणी ओळखीचा दिसला की भाऊजी त्याला घरी जेवायला पाठवत, आणि ताई भाकरीचं पीठ पुन्हा मळायला घेई. तिच्या ओसरीवर आमच्या आईची बंगई होती. आमच्याकडे झोपाळ्याला बंगई म्हणतात. अनसिंगचं घर पाडून भावानं स्लॅबचं बांधलं तेव्हा ती ताईकडे गेली, कारण टांगायला दणकट आडवी तुळई तिच्याकडेच होती. मी तेव्हा वाशिमला दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. मात्र कारंजाला गेले आणि त्या बंगईवर बसले की दरवेळी वाटायचं, ही अर्धी माझी आहे. ताई आतून चहा घेऊन यायची, मला सरकायला लावून शेजारी बसायची आणि पायानं झोका द्यायची. झोकाही तीच देणार.

भाऊजी गेले, मग तिचे गुडघे गेले. नितीननं तिला पुण्याला नेऊन पाहिलं. सूनही चांगली आहे, उगाच कशाला नावं ठेवू? पण ताई तिथं रमली नाही. "तिथं सारे दार लावून बसतेत व. बेल वाजली का पोट्टी म्हनते, आज्जी, तू नको उघडू," एवढंच सांगून ती परत आली. तेव्हा मी मनाशी ठरवलं, आता हिला मी आणायची. पुढची खोली रंगवून घेतली, न्हाणीत धरायला दांडा बसवला, खिडकीशी पलंग टाकला. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी फार खूश होते. ताईच्या दुखण्यावर खूश नव्हते, पण आता लोक तिला भेटायला माझ्या घरी येतील, या विचाराचं सुख मला वाटत होतं. ती आली. खोली पाहिली, दांडा हलवून पाहिला, रंग छान आहे म्हणाली. चहा झाल्यावर कप बाजूला ठेवून तिनं सांगितलं की मंगरुळपीरच्या रस्त्यावर म्हाताऱ्या माणसांसाठी राहायची सोय झाली आहे, तिथं तिनं जागा घेतली आहे.

"मंग मी काय परकी आहो?" मी विचारलं.

"परकी असतीस त आली असती," ती म्हणाली. "तुह्या घरी आली त पयले पाहुनी होईन, मंग अडगळ होईन. मले तुही बहीनच राहू दे."

ती रंगवलेली खोली मी कितीतरी दिवस बंद ठेवली होती.

त्या निवासात एका खोलीत दोघी. प्रत्येकीला एक खाट आणि एक कपाट. जे कपाटात मावेल तेवढंच न्यायचं. कारंजाचं एवढं घर त्या एका कपाटात बसवायचं होतं, म्हणून दिवाळीनंतर मी तिच्या मदतीला जाऊन राहिले. मदत म्हणजे मी पोत्यांवरची धूळ झटकायची आणि ती वाटायची. ओसरीवर खुर्ची टाकून ती बसली होती आणि सारी गल्ली येत होती. पितळी डबे शेजारच्या सुनेला, मोठं गंगाळ देवळाला, गाद्या-उशा भाऊजींच्या जुन्या हमालाला, धान्याची कोठी आणखी कोणाला. प्रत्येकाला ती विचारायची, "तुले काय पाहिजेन?" आणि माणूस लाजत लाजत ज्याच्याकडे बोट दाखवी, ते त्याचं. कोणी नुसतंच उभं राहिलं तर ती स्वतः काहीतरी हातात ठेवायची. रिकाम्या होत चाललेल्या घरात तिचा चेहरा दिवसेंदिवस उजळत होता, आणि मी आत भांडी कागदात गुंडाळताना कान देऊन ऐकत होते की मला कधी विचारते. तिनं विचारलं नाही. शेवटी मीच म्हटलं, "सगळ्यायले इचारून राह्यली, मले नाही इचारत?"

ती खळखळून हसली. "तुले काय इचारू? तुले सगळंच पाहिजे असते!"

खोटं नव्हतं ते. मला सगळंच हवं होतं. गंगाळ देवळात गेलं तेव्हा मला देवाचाही राग आला.

बंगई मात्र माझीच, असं मी धरून चालले होते. तिसऱ्या प्रहरी सिंधू आली. गावाबाहेर ओढ्याकाठी त्यांचं भाजीपाल्याचं वावर आहे. रोज सकाळी मेथी, वांगी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन ती बाजाराला जायची, तेव्हा ताईच्या ओसरीवर टोपलं टेकवून घटकाभर थांबायची. त्या दिवशी नवऱ्याला आणि मालवाहू ऑटोला घेऊन ती आली होती. ताईनं बंगईकडे बघून नुसती मान हलवली, आणि सिंधूचा नवरा स्टूल घेऊन कड्यांतून साखळ्या सोडवायला चढला. म्हणजे त्यांचं आधीच ठरलं होतं. मी हातातलं काम टाकून बाहेर आले.

"ताई, हे आईची हाय," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. सिंधू बिचारी दोन पावलं मागे सरकली. "राहू द्या आजी," ती म्हणाली, "बाईले पाहिजे असंन त राहू द्या."

"आईचीच हाय," ताई म्हणाली. "तुह्या घरी कुठं टांगशीन? स्लॅबले कडी तरी हाय काय?"

"बसवून घेईन."

"बसवशीन. अन् मंग त्याच्यावर धुतलेले कपडे टाकशीन. इच्या घरी चार लेकरं हायेत, लंबा सोपा हाय. बंगई हालत राह्यली पाहिजे व."

मी आत गेले आणि मोरीत उभी राहून तोंडावर पाणी मारत राहिले. बाहेर ऑटो सुरू झाल्याचा आवाज आला. ऑटो वळेपर्यंत ताई दारात उभी होती. मला वाटलं, आता ती आत येऊन काही तरी बोलेल. ती आली, पण म्हणाली, "भूक लागली. थोडं पिठलं टाकतं का?" मी टाकलं. दोघींनी त्या उघड्याबोडक्या ओसरीवर, वर लोंबणाऱ्या रिकाम्या कड्यांखाली बसून खाल्लं. तिनं दोनदा मागून घेतलं.

निघायच्या दिवशी माझ्या पिशवीत तिनं एक पुडकं कोंबलं. जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेल्या सरगुंड्याच्या काड्या. उन्हाळ्यात आमरसाबरोबर आमच्याकडे सरगुंडे करतात, कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळून वाळवायची आणि उकडायची. फार वेळखाऊ काम. "हे कोनाले देऊ?" ताई म्हणाली. "आता कोनाले करता येतेत? तुलेच येतेत." एवढ्या घरातून माझ्या वाट्याला काड्या आल्या. बसमध्ये वाशिमपर्यंत मी ती पिशवी मांडीवर न घेता पायाशी ठेवली होती.

निवासात ती अशी रुळली की जणू पाटावरून उठून दुसऱ्या पाटावर बसली. तिची खोलीसोबतीण विमलबाई. शेतकरी बाई, अंगानं किरकोळ, उजवा हात पक्षाघातानं अधू झालेला. एक मुलगी आहे, ती सुरतेला. पहिल्या भेटीतच मला दिसलं की ताईनं इथंही घर थाटलंय. विमलबाईंच्या औषधाच्या वेळा तिच्या तोंडपाठ, त्यांना कुठली भाजी चालत नाही ते ती आचाऱ्याला सांगणार, आणि आम्ही दोघी बोलत बसलो की मध्येच वळून म्हणणार, "विमल, आयकून राह्यली ना?" माझ्या आणि तिच्या गोष्टी, आमच्या आईच्या, अनसिंगच्या. त्याही तिनं वाटायला काढल्या होत्या. मी दोन महिन्यांनी एकदा जायची, तर विमलबाई मला विचारायच्या, "तुमच्या त्या काळ्या गाईचं पुढं काय झालं व? ते बाईनं सांगतलंच नाही." मी म्हणायची, मला आठवत नाही. मला चांगलं आठवत होतं.

गेल्या उन्हाळ्यात तिनं फोनवर सरगुंडे मागितले. मी दोन दिवस खपले, माझी पाठ धरली. डबा घेऊन गेले, रस वेगळा बरणीत. ताईनं डबा उघडून वास घेतला, डोळे मिटले. "आईसारखे झाले," म्हणाली. तेवढ्यानं मी भरून पावले असते. पण मग तिनं पहिला घास कालवला आणि तो विमलबाईंच्या तोंडाशी नेला. त्यांचा हात अधू, हे मला कळत होतं. तरी त्या घासामागे माझी नजर त्यांच्या ओठांपर्यंत गेली… ती आमची शेवटची भेट. निघताना ताई फाटकापर्यंत आली, वॉकर धरून, एवढ्या उन्हात. "येत जाजो," म्हणाली. मी "बघू" म्हणाले आणि रिक्षात बसले.

तेरावं झालं. नितीनला परत जायचं होतं, म्हणून खोलीतलं सामान आणायला मी एकटीच निवासात गेले. तिचं कपाट उघडलं. चार लुगडी, शाल, भाऊजींचा फोटो, चष्मा, अमृतांजनाची बाटली. एवढं मोठं घर वाटणारीनं स्वतःला ठेवलं होतं ते एवढंच. या वेळी हे सगळं माझं होतं, विचारणारं कोणी नव्हतं, आणि ते एका पिशवीत मावलं.

विमलबाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या केसांकडे माझं लक्ष गेलं. पांढऱ्या केसांच्या जटा झाल्या होत्या, मानेशी गोळा. पाणी द्यायला आलेली मुलगी मला हळूच म्हणाली, "कोनाले हातच लावू देत नाही त्या. लीलाआजी रोज चारच्या चहानंतर इंचरून देत." मी खिडकीतला कंगवा उचलला. त्याच्या दातांत ताईचा एक केस अडकलेला होता. तो काढून मी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला आणि विमलबाईंच्या मागे जाऊन बसले. त्यांनी मान जराशी मागे केली.

तेल लावलं, टोकाकडून गुंता सोडवायला घेतला. पण हातात राग होताच कुठेतरी. एका ठिकाणी कंगवा अडला, आणि मी तो हिसडला.

"आई गं… तुही बहीन नव्हती असं ओढत."

"तुमचे नसंन ओढत," मी म्हणाले. "माहे लय ओढे. लहानपणी रोज. रडू ये मले."

विमलबाई हसल्या, खांदे हलले त्यांचे. "हाव. सांगे ते. धाकटीचे केस असे दाट, कमरेलोक, अन् माही शेपटी उंदराची, म्हने. आई साऱ्यायले धाकटीचेच केस दाखवे. म्हनून येनी घालताना मुद्दाम ओढत होती म्हने… लय जळे म्हने ते तुह्यावर."

कंगवा माझ्या हातात तसाच राहिला. बाहेर कोणीतरी चहाच्या कपांचा ट्रे घेऊन जात होतं, कप किणकिणत होते. ताई… माझ्यावर? एवढ्या वर्षांत मला एकदाही नाही सांगितलंस. सांगितलंस ते हिला.

"झालं का व?" विमलबाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "लय गुंता हाय. बसा नीट." आणि त्यांची मान तळव्यानं सरळ करून मी पुन्हा टोकापासून सुरुवात केली.