कनवटीचं पिस्तूल

चामड्याच्या दुकानात रोज दोन गोष्टी जमा होतात. कातरनाचे तुकडे अन् किस्से. तुकडे सांजच्याले झाडून टाकता येतात. किस्से कुठी टाकता बाप्पा? ते तिथीच बसतात, एकावर एक!

तर ऐका. आटपाट कारंजा. तिथी बाजाराच्या तोंडाले एक दुकान. दुकानात देवराव, माहा पोरगा. मंगला, त्याची बायको. अन् खाली बोऱ्यावर मी म्हातारी. देवराव पट्टे शिवे, बैलाच्या घुंगरमाळा ओवे. मंग रेडीमेड पट्टे आले. बैल गेले, ट्रॅक्टर आले. अन् ट्रॅक्टरले काही कोनी घुंगरमाळ घालत नाई!

देवरावनं ठरवलं, दिवाळी झाली का पुण्याले वॉचमन म्हनून जायचं. जायसाठी पिशवीबी शिवली, चांगले लांब चामड्याचे बंद लावून. ती दुकानातच खुंटीले टांगली. मंगला त्या खुंटीकडे पाहेच ना.

* * *

कापसाचा धंदा करनारे एक बाबूशेठ आमच्याकडे येत. त्यायच्यापाशी लायसनचं पिस्तूल होतं. म्हने, "देवराव, असं कव्हर शिव का कमरेले काय हाय ते कोनाले समजलं नाई पाह्यजे!"

देवरावले नाजूक काम माहीत नाई. त्यानं तीन पदरी चामडं घेतलं, वरून झाकन, पितळी बक्कल. मजबूत असं का बैलाच्या पायाखाली गेलं तरी मोडनार नाई. शेठनं ते बांधलं, वरून कोट घातला अन् बाजारात गेले.

पिस्तूल कोनाले समजलं नाई, हे खरं. पन जो भेटे तो विचारे, "शेठ, हर्निया कधीपासून?"

सांजच्याले शिरपूरहून त्यायची बहीन केळी अन् शहाळे घेऊन हजर!

* * *

मंग शेठनं कव्हरच सोडलं. पिस्तूल रिकामं करून तसंच पायजम्यात खोचलं अन् कामरगावले जेवनाच्या पंगतीले गेले. मांडी घातली अन् पिस्तूल जे सरकलं ते गुडघ्यापाशी जाऊन बसलं!

आता उठता येईना. शेजारचे उठले, दुसरी पंगत बसली, शेठ जागीच. अन् जो बसला हाय त्याच्या पानात वाढायचं, हा वाढप्यायचा कायदा. जिलबी आली. पुन्हा जिलबी आली.

"शेठ, लाजू नका!" वाढप्या म्हने.

घरी आले तं शेठ दोन दिवस गोड नाव काढेनात.

* * *

हे ऐकून आम्ही हासत होतो. मंगला हासली नाई. माह्याकडेच टक लावून पाहे. मी कनवटीतून, म्हंजे कमरेच्या लुगड्याच्या गाठीतून, तंबाखूची डबी काढत होती.

"आत्याबाई, ही डबी कधी पडली काय वं?"

"चाळीस वर्सात नाई."

"कोनाले दिसली?"

"तुह्या सासऱ्याले नाई दिसली!"

झालं! मंगलानं कातरनाच्या ढिगातून हातभर तुकडा उचलला. तिचं म्हननं असं, बोट जिथी जाते तो चाप पुरा झाकायचा, एक दोरी कमरेले बांधायची. बाकी चामडं कायले?

देवराव खवळला. "हे कव्हर हाय का लंगोट?"

"दिसत तं नाई ना!"

"अन् घाम लागला तं? गंज चढन. पालथं झालं तं? सुटून पडन. मोठं कव्हर धरून ठेवते."

"मोठं कव्हर हर्नियाबी करते!"

दोघायचंबी खरं होतं. मी म्हनलं, भांडू नका, माह्या कमरेले बांधा.

* * *

सुतारानं लाकडी पिस्तूल करून देल्लं, आत वजनाले लोखंड ठोकून. मी ते कनवटीले बांधून कामाले लागली. भाकरी थापाले वाकली, अन् धप्प! पिस्तूल परातीत!

देवराव म्हने, "आता त्याचीच भाकर थाप!"

पन हासता हासता त्यानंच तो तुकडा उचलला. वल्ला केला, लाकडी पिस्तुलावर दाबून वाळवला, कडेनं बारीक टाके घातले. पिस्तूल आत गेलं का टक् असा आवाज ये. मंगलानं अंगाच्या बाजूनं मऊ पट्टी लावली, घामासाठी. नवराबायको एका तुकड्यावर वाकून बसलेले मी लय दिवसानं पाहिले.

मंग ते पुन्हा बांधून मी शेळीचं दूध काढलं, चटनी वाटली, दुपारी तशीच झोपली. हाललं नाई.

* * *

इतकं हाललं नाई का ते कमरेले हाय हेच मी विसरली, अन् तशीच एसटीनं शिरपूरले निघाली! गर्दीत एकाचा हात हळूच माह्या कनवटीत शिरला. पैशाची गाठ समजला असन. हाताले पिस्तुलाची मूठ लागली. त्यानं माह्याकडे पाह्यलं. मी त्याच्याकडे पाह्यलं.

"काय पाह्यजे बापा?"

"काही नाई आजी," म्हने. उठला, मले खिडकीची जागा देल्ली अन् पुढच्या स्टॉपले उतरून गेला.

* * *

दिवाळी चार दिवसावर आली. खुंटीवरच्या पिशवीत देवरावनं कपडेबी भरले. त्या दिवशी एक मॅडम दुकानात आल्या, सलवार-कुर्त्यात. साध्या कपड्यातल्या पोलीस होत्या. म्हने, "ड्युटीचं कव्हर मोठं आहे. सलवारीला पट्टा नसतो, अन् कुर्त्यातून सगळं दिसतं. काही आहे का?"

देवरावनं सवयीनं तीन पदरी काढलं. मॅडमनं मान हलवली अन् जायले निघाल्या.

"मॅडम!" मंगला म्हने. "तुमाले पाह्यजे ते या दुकानातच हाय, पिस्तुलासकट. शोधा."

मॅडमनं कपाट पाह्यलं, टेबल पाह्यलं, मंगलाच्या कमरेवरून नजर फिरवली. मी उठली, पानी देल्लं, वाकून चहाचा कप ठेवला, पुन्हा खाली बसली. मॅडमनं चहा पेला अन् हात टेकले.

"नाही सापडत, आजी. तुम्हीच सांगा."

मी कनवटीतून काढून त्यायच्या हातात देल्लं.

अशा हासल्या का कपातला चहा सांडला! मंग चापावर बोट घालून पाह्यलं, शिरत नाई. पालथं धरून झटकलं, सुटत नाई. मॅडम म्हने, "साहेबांना दाखवते."

दोन दिवसानं त्या परत आल्या. सोबत आनखी चौघी. सगळ्यायलेच पाह्यजे होतं, अन् दिवाळीच्या आधी.

मंगला कातराले बसली. दुपारपर्यंत दोऱ्यायचं चामडं सरलं. चामड्याचा बाजार तं आठवड्यानं भरनार. ती देवरावकडे पाहे, देवराव कपाटाकडे पाहे.

मंग तो उठला. खुंटीवरची पिशवी काढली, कपडे बोऱ्यावर ओतले, अन् रापीनं तिचे बंद कापून मंगलाच्या पुढ्यात ठेवले.

"पुरतीन का पाह्य," म्हने.